प्रेस नंतर बघा, आधी क्रशर

लवकर येणाऱ्या जातींची फळं गळायला लागली की सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या आंबवलेल्या रसाच्या, प्रेसची चौकशी सुरू होते. जॅक किती टनांचा घ्यावा, टोपली किती लिटरची, स्क्रू किती जाड. दाबण्याआधी फळं चुरणाऱ्या क्रशरचं नाव कोणी काढत नाही. आणि घरच्या सफरचंदांचे ढीग सडताना मी बघत आलो आहे ते नेमके याच कारणाने. त्यामुळे या सल्ल्यात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, चालवून घ्या.

सफरचंदाचा रस पेशींत कोंडलेला असतो. चार फोडी करून प्रेसमध्ये टाकल्या आणि वर कितीही टन चढवले तरी बहुतेक पेशी शाबूत राहतात. फोड चपटी होते, दाब काढला की पुन्हा फुगते. मग माणूस तोच माल दुसऱ्यांदा दाबतो, तिसऱ्यांदा दाबतो, संध्याकाळ होते आणि क्रेटच्या रांगेतल्या चार क्रेटसुद्धा संपलेल्या नसतात. उरलेला माल उद्यावर जातो, उद्याचा परवावर. तळातलं एक फळ नासतं, शेजारची धरतात, आठवड्याने अर्धा ढीग खड्ड्यात. दोष मात्र प्रेसला दिला जातो आणि विक्रेता लगेच त्याहून मोठी प्रेस दाखवतो.

आहे ती प्रेस विकण्याआधी एवढं करा. १० किलो फळं वजन करून घ्या, चुरा, दाबा, रस मोजा. नीट चुरलेल्या मालातून साडेपाच ते साडेसहा लिटर रस मिळायला हवा. टोपलीच्या साध्या प्रेसमध्ये पाच मिळाला तरी ठीक. चारच्या खाली आला तर प्रेसला हात लावू नका, क्रशर बघा. हातानेही कळतं: लगदा मुठीत दाबला की बोटांच्या फटींतून रस वाहिला पाहिजे. तुकडे ३ ते ६ मिलिमीटरचे असावेत. सेंटिमीटरभर जाड फोडी दिसल्या तर तो लगदा पुन्हा क्रशरमधून काढा, कंटाळा करू नका.

उलट टोकही वाईट. मिक्सरमधून काढल्यासारखी गुळगुळीत पेस्ट झाली की प्रेसमधल्या गाळायच्या फडक्याची छिद्रं बुजतात आणि दाब देताच लगदा कडेने उसळतो. जास्त पिकून पिठूळ झालेल्या फळांचं हमखास असं होतं. अशा मालात वजनाच्या १ ते २ टक्के धुतलेला भाताचा तूस मिसळला की रसाला वाट मिळते. पेक्टिन, म्हणजे फळातला चिकट घटक, फोडणारं एन्झाइम दुकानदार आधी पुढे करतो. ते काम करतं, पण वेळेवर काढलेल्या घट्ट फळाला रस काढण्यासाठी त्याची गरज नसते.

क्रशर कुठला घ्यायचा हे मालावर ठरवा. एकदोन झाडांचा माल असेल तर विकत काहीच घेऊ नका. जाड बुडाची फूड ग्रेड बादली आणि कठीण लाकडाचा चौकोनी ठोकळा, आधी फोडी करून मग कुटायचं. हात भरून येतात, पण काम होतं. ज्याच्याकडे डीप फ्रीझर आहे त्याच्यासाठी सोपी वाट: फळं गोठवा, पूर्ण वितळू द्या, मग दाबा. बर्फाच्या स्फटिकांनी पेशी आतून फाटलेल्या असतात, कुटायचं काम फारच थोडं उरतं. एवढ्याशा मालासाठी यासारखं दुसरं यंत्र नाही, आणि हे कोणी विकत नसल्यामुळे सांगतही नाही.

पाच-सात झाडं असतील तर घरी बांधलेला ड्रम क्रशर. बीच, मॅपल किंवा ओकसारख्या कठीण लाकडाचा १२ ते १५ सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल, मधून स्टेनलेसचा दांडा, दोन्ही बाजूंना बेअरिंग, एका टोकाला हँडल. दंडगोलावर स्टेनलेसचे स्क्रू तिरक्या ओळींत बसवायचे, डोकी ३-४ मिलिमीटर वर ठेवून. सरळ ओळीत बसवले तर सगळे स्क्रू एकदम फळात शिरतात आणि हँडल अडतं. समोरची फळी स्क्रूच्या डोक्यांपासून २-३ मिलिमीटरवर, आणि ती मागेपुढे सरकवता येईल अशीच लावा. हे सरकवणं नसेल तर जात बदलली की बारीक-जाड हाताबाहेर जातं. बेअरिंगचं ग्रीस लगद्यात उतरू नये म्हणून बेअरिंग पेटीच्या बाहेर घ्या. वरच्या नरसाळ्याची उंची हाताच्या लांबीपेक्षा जास्त ठेवा आणि फळं लाकडी दांड्याने ढकला. मोटर जोडलीत तर ओल्या जागेत आरसीसीबीशिवाय (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) चालू करायची नाही.

बागेतल्या फांद्या चुरायचं विजेचं श्रेडर बरेच जण वापरतात. लगदा छान होतो. पण नवीन घ्या, पाती स्टेनलेसची असल्याची खात्री करा आणि ते फळांसाठीच राखा. ज्यात कीटकनाशक मारलेल्या फांद्या गेल्या आहेत ते श्रेडर कितीही धुतलं तरी नको.

आता प्रेस. हिच्याबद्दल सांगण्यासारखं कमी आहे, कारण क्रशर चांगला असेल तर साधी प्रेसही पुरते. पाण्याच्या दाबावर चालणारी रबरी फुग्याची प्रेस बघा: तिच्यात दाब असतो जेमतेम २-३ बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला दोन-तीन किलो. तरी बारीक लगद्यातून ती भरपूर रस काढते, कारण फुगा आणि जाळी यांच्यामधला थर पातळ असतो. बारीक चुरा आणि पातळ थर असला की टन कमी लागतात.

घरी बांधायची तर फडकं आणि पाट्यांची प्रेस बांधा. लगदा नायलॉन किंवा पॉलिस्टरच्या जाळीदार फडक्यात ४-५ सेंटिमीटर जाडीने पसरायचा, घडी घालायची, वर पट्ट्यांची पाटी, त्यावर पुढचा थर. ३० बाय ३० सेंटिमीटरच्या थराला ६ टनांचा बॉटल जॅक म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साडेसहा किलोहून जास्त दाब. घराला एवढा पुष्कळ झाला. २० टनांचा जॅक घेऊन ६ टनांच्या चौकटीत घालणारे लोक आहेत. वेल्ड सुटून चौकटीची आडवी पट्टी उडते तेव्हा समोर कोण उभं आहे हे नशिबावर. चौकट जॅकच्या पूर्ण क्षमतेला पेलेल अशी, जाणत्या फॅब्रिकेटरकडूनच करून घ्या. जॅक उभाच ठेवा आणि त्याखाली पसरट ताट ठेवा, तेल गळलं तर रसात जाणार नाही. दाब थोडा द्या, थांबा, धार मंदावली की पुन्हा थोडा. घाई केली की फडकं फाटतं.

रसाला काय लागू द्यायचं नाही:
– उघडं लोखंड (रस काळा पडतो, धातूची चव येते)
– गॅल्व्हनाइज्ड पत्रा (आम्लात जस्त विरघळतं)
– तांबं, पितळ, शिसं असलेला जुना रंग
– औषध मुरवलेलं किंवा राळ येणारं लाकूड

चालेल: ३०४ किंवा ३१६ स्टेनलेस, फूड ग्रेड प्लास्टिक, कठीण लाकूड.

गाळपाआधीची कामं:
– फळं उतरवून सावलीत, हवेशीर, एका-दोन थरांत ठेवणं
– कुजकी, बुरशीची काढणं
– धुणं, निथळणं
– फडकी उकळणं
– बरण्या, नळ्या धुऊन निर्जंतुक करणं

किती दिवस ठेवायची याला पुस्तकात आयोडिनची चाचणी आहे: कापलेला भाग काळा झाला तर स्टार्च अजून साखरेत बदललेला नाही. मी अंगठा दाबून बघतो. खळगा पडला पण साल फाटली नाही, की माल तयार. उशिरा येणाऱ्या घट्ट जातींना दोन-तीन आठवडे लागतात, आणि नेमक्या त्याच काळात क्रशरचं काम उरकायचं असतं. माझा आपला अंदाज असा की देठ काढत बसू नये; लगद्यात देठ राहिले तर रस निथळायला मदतच होते.

हवामानाकडे मात्र डोळा ठेवा. वादळी पावसाचा अंदाज असेल तर पूर्ण पिकण्याची वाट न बघता, जी फळं उचलली की सहज सुटतात ती आदल्या दिवशी उतरवा. वाऱ्याने पडलेल्या आणि ठेचलेल्या फळांत पेनिसिलियम बुरशी शिरते आणि पॅट्युलिन हे विष तयार होतं. रसात त्याची मर्यादा किलोला ५० मायक्रोग्रॅम आहे आणि ते उकळूनही खात्रीने जात नाही. गुरं चरतात त्या जमिनीवर पडलेलं फळ तर घेऊच नका. १९९६ मध्ये अमेरिकेत पाश्चराइज न केलेल्या सफरचंदाच्या रसातून ई. कोलायची साथ पसरली होती. गोड रसच प्यायचा असेल तर ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापवून किमान ६ सेकंद ठेवा.

ऊन चढलं असेल तर चुरलेला लगदा तासाभरात दाबा. चिलटं लगद्यावर बसली की व्हिनेगरचे जिवाणू सोबत येतात. म्हणून क्रशर आणि प्रेस यांचा वेग जुळलेला हवा. एक दिवसभर चुरतो आणि दुसरी रात्रभर दाबते, असं नको.

आंबवायचं असेल तर नको ते जंतू रोखणाऱ्या सल्फाइटची मात्रा रसाच्या पीएचवर (आंबटपणाचं माप, आकडा कमी तितका रस आंबट) ठरते: ३.० ते ३.३ ला ५० पीपीएम (दहा लाखांत ५० भाग), ३.३ ते ३.५ ला १००, ३.५ ते ३.८ ला १५०. १० लिटरला ५० पीपीएम म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट सुमारे ०.९ ग्रॅम, काट्यावर मोजून. यीस्ट २४ तासांनंतर. पीएच ३.८ च्या वर गेला तर पूड वाढवत जाण्यापेक्षा आंबट जातीचा रस मिसळा. दम्याच्या माणसाने ही पूड हाताळू नये. सुगंधी टॅनिन, खास क्लिनर, पाच तऱ्हेची पोषकं यांतलं पहिल्या वर्षी काही घेऊ नका. त्या पैशांत क्रशरला चांगली बेअरिंग येतील.

चोथा त्याच दिवशी हलवा. घट्ट ढीग लावू नका, तो आंबून चिलटं आणि गांधीलमाश्या गोळा करतो. खतात पातळ थरांत, कोरड्या पाल्यासोबत मिसळा. गुरांना घालायचा तर ताजा आणि थोडा थोडा वाढवत. ड्रमच्या स्क्रूंमध्ये अडकलेला चोथा ब्रशने रात्रीच काढा, सकाळी तो सिमेंटसारखा बसलेला असतो.