रुग्णवाहिका पोहोचेपर्यंत: केवळ हातांनी सीपीआर कसा द्यावा

इंदूरच्या एखाद्या मराठी घरात, गणपतीच्या मंडपात किंवा सकाळी बागेत फिरताना प्रौढ माणूस अचानक कोसळला, की भोवतालची मंडळी काही ना काही करू लागतातच. कोणी तोंडावर पाणी शिंपडतो, कोणी कांदा हुंगवतो, कोणी जिभेखाली गोळी सरकवतो, कोणी गाडीची किल्ली शोधायला धावतो आणि उरलेले ‘हवा येऊ द्या’ म्हणत आणखी जवळ येतात. हृदय बंद पडलेले असेल, तर यांपैकी कशानेही मेंदूपर्यंत रक्त पोहोचत नाही. रक्त न मिळाल्यास मेंदूची हानी साधारण 4 ते 6 मिनिटांत सुरू होते आणि काहीच न केल्यास वाचण्याची शक्यता दर मिनिटाला 7 ते 10 टक्क्यांनी घटत जाते. राजवाडा, सराफा किंवा रामबागेच्या गल्ल्यांतील गर्दी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना एवढ्या वेळात रुग्णवाहिका दाराशी येणे किती अवघड आहे हे सांगायला नको. म्हणून या पहिल्या काही मिनिटांचे काम, म्हणजे छातीवर हातांनी दाब देऊन रक्त फिरते ठेवणे (सीपीआर), शेजारी उभ्या असलेल्या माणसालाच करावे लागते, मग त्याने प्रशिक्षण घेतलेले असो वा नसो.

छातीवर बाहेरून दाब देऊन रक्त फिरते ठेवता येते, हे अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील कौवेनहोवेन, ज्यूड आणि निकरबॉकर यांनी 1960 साली मांडले. पुढे तोंडाने श्वास देणे हाही या उपचाराचा भाग झाला आणि अनोळखी माणसाच्या तोंडाला तोंड लावण्याच्या संकोचापायी अनेक जण हातच लावेनासे झाले. प्रौढ माणूस अचानक कोसळतो तेव्हा त्याच्या रक्तात आणि फुप्फुसांत काही मिनिटे पुरेल इतका प्राणवायू शिल्लक असतो. तो मेंदूपर्यंत ढकलणे एवढेच तातडीचे असते. हे ध्यानात घेऊन 2008 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने अप्रशिक्षित माणसांसाठी केवळ छातीदाबाची शिफारस केली आणि 2017 साली भारतातील भूलतज्ज्ञांच्या पुढाकाराने सामान्य नागरिकांसाठी त्याच धर्तीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली.

सर्वप्रथम जागा सुरक्षित आहे ना, हे पाहावे. रस्त्याच्या मधोमध किंवा विजेच्या उघड्या तारेजवळ गुडघे टेकू नयेत. मग दोन्ही खांदे जोराने थोपटून ‘काका, ऐकू येतंय का?’ असे मोठ्याने विचारावे. उत्तर नाही, डोळे उघडत नाहीत, हालचाल नाही, तर छातीकडे पाहावे. ती नेहमीसारखी वरखाली होत आहे का, एवढेच पाहायचे आहे आणि त्यासाठी 10 सेकंदांपेक्षा अधिक वेळ घेऊ नये. मनगटावर नाडी शोधत बसू नये, कारण घाबरलेल्या माणसाला स्वतःचीच धडधड बोटांत जाणवते.

सर्वाधिक फसगत इथे होते. हृदय बंद पडल्यावरही काही जणांचा जबडा हलतो, अधूनमधून आचके दिल्यासारखा किंवा घोरल्यासारखा आवाज येतो आणि दोन आचक्यांमध्ये कितीतरी सेकंद काहीच घडत नाही. घरचे म्हणतात, ‘श्वास चालू आहे’, आणि सगळे थांबतात. हा श्वास नव्हे; तो मरणोन्मुख मेंदूचा प्रतिसाद आहे. कधी सुरुवातीला हातपाय झटकल्यासारखे होतात आणि फिट आली असावी असे वाटते. माणूस शुद्धीवर नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दोन मुद्दे पुरेसे आहेत. शंका असल्यास दाब सुरू करावा, असेच माझे स्पष्ट मत आहे. हृदय चालू असलेल्या माणसाला चुकून दाब दिला गेला, तरी तो कण्हतो, हात झटकतो आणि गंभीर इजा क्वचितच होते. याउलट छातीत दुखते आहे पण बोलतो आहे, अशा माणसाला सीपीआर द्यायचा नसतो. त्याला टेकवून बसवावे आणि रुग्णवाहिका बोलवावी. जोरजोरात खोकल्याने बंद पडलेले हृदय चालू होते, असा जो संदेश कुटुंबाच्या ग्रुपांवर फिरत असतो, त्याचा बेशुद्ध माणसाला काहीच उपयोग नाही.

फोनचे काम गर्दीवर सोडू नये. ‘कोणीतरी फोन करा’ म्हटले, की प्रत्येकाला तो दुसऱ्याने केला असे वाटते. एकाकडे बोट दाखवून सांगावे, आणि आपल्या शहरात ते हिंदीतच सांगावे लागेल: ‘भैया, नीली शर्ट वाले, आप 108 लगाइए, स्पीकर पर रखिए।’ 108 न लागल्यास 112 आहे. पत्ता सांगताना घर क्रमांकापेक्षा जवळचे मंदिर, चौक किंवा शाळा आधी सांगावी. आणखी एकाला गल्लीच्या तोंडाशी उभे करावे. आपण एकटेच असलो, तर फोन स्पीकरवर लावून शेजारी जमिनीवर ठेवावा आणि बोलता बोलता काम सुरू करावे.

रुग्णाला कठीण, सपाट जागेवर पाठीवर निजवावे. पलंगावर किंवा झोपाळ्यावर असेल तर चादरीसकट खाली फरशीवर घ्यावे, नाहीतर आपला सगळा जोर गादीच गिळते. त्याच्या छातीशेजारी गुडघे टेकून एका तळहाताचा मनगटाजवळचा टणक भाग छातीच्या बरोबर मध्यावर, मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवावा. डावीकडे, हृदयावर म्हणून नव्हे आणि पोटावरही नव्हे. दुसरा हात त्यावर ठेवून बोटे गुंफून घ्यावीत. कोपरे ताठ आणि खांदे हातांच्या बरोबर वर असावेत, म्हणजे दंडाच्या ताकदीऐवजी कमरेपासून वरच्या शरीराचे वजन कामी येते. सदरा किंवा साडी काढण्यात वेळ घालवू नये.

छाती 5 ते 6 सेंटिमीटर खाली जाईल इतका दाब द्यावा. हे अंतर वाचताना लहान वाटते, प्रत्यक्षात बराच जोर लागतो आणि नवखा माणूस जवळजवळ नेहमी कमीच दाबतो. वेग मिनिटाला 100 ते 120, म्हणजे सेकंदाला जवळपास दोन. मोठ्याने ‘एक, दोन, तीन’ मोजत राहिल्यास ताल टिकतो आणि 30 दाब 15 ते 18 सेकंदांत पूर्ण झाले, तर वेग बरोबर आहे असे समजावे. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी, मात्र हात उचलू नयेत. छाती वर येते तेव्हाच हृदयात पुन्हा रक्त भरते, म्हणून तिच्यावर रेलून राहिल्यास पुढचा दाब पोकळ जातो. जमिनीवर घट्ट लोड ठेवून आणि समोर सेकंदकाट्याचे घड्याळ घेऊन घरातल्या प्रत्येकाने हे एकदा करून पाहावे. दमछाक किती लवकर होते, ते तेव्हाच कळते.

पहिल्या काही दाबांत ‘कट्’ असा आवाज येऊन हाताखाली काही मोडल्यासारखे वाटू शकते, विशेषतः वृद्धांमध्ये. बरगडी मोडली तरी थांबू नये. थांबल्याबरोबर रक्तदाब कोसळतो आणि तो पुन्हा उभा करायला अनेक दाब लागतात. म्हणून दमून थांबण्याची वेळ येण्याआधीच, दर 2 मिनिटांनी माणूस बदलावा, आणि पुढचा आधीच समोरच्या बाजूस गुडघे टेकून तयार असावा. जवळ एईडी, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र, असेल, तर ते आणायला कोणाला तरी पाठवावे, सुरू करून त्याच्या सूचना पाळाव्यात आणि ते सांगेल तेव्हाच हात बाजूला घ्यावेत.

‘गाडीत घाला, लगेच एमवाय रुग्णालयात नेऊ’ हा आग्रह मोडून काढणे सर्वांत कठीण असते. तो प्रेमापोटीच असतो, पण जिन्यावरून खाली नेताना आणि मागच्या सीटवर आडवे करताना दाब थांबतो, आणि धावत्या मोटारीत तो नीट देता येत नाही. रुग्णवाहिका येत असल्यास तिथेच दाब चालू ठेवणे अधिक हिताचे आहे. ती येणारच नाही असे कळले, तरच वाहनाचा विचार करावा.

लहान मुले, बुडालेली माणसे आणि घास अडकून बेशुद्ध पडलेली माणसे यांच्यात आधी प्राणवायू संपलेला असतो, त्यामुळे ज्याला श्वास देता येतो त्याने तोही द्यावा. येत नसल्यास केवळ छातीदाब हा काहीच न करण्यापेक्षा नक्कीच बरा. गरोदर स्त्रीलाही दाब त्याच जागी द्यावा; दिवस भरत आलेले असल्यास दुसऱ्याने तिचे पोट हातांनी तिच्या डाव्या बाजूला सरकवून धरावे.

पोलिसांच्या भीतीने मागे हटणाऱ्यांसाठी एवढेच, की अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने कलम 134अ खाली संरक्षण दिले आहे.

रुग्ण हलू लागला, नेहमीसारखा श्वास घेऊ लागला, तर दाब थांबवून त्याला कुशीवर वळवावे आणि श्वासावर लक्ष ठेवावे. तो पुन्हा थांबला तर पुन्हा सुरू करावे. अन्यथा रुग्णवाहिकेतील कर्मचारी प्रत्यक्ष ताबा घेईपर्यंत दाब थांबवू नये. त्यांना कोसळल्याची वेळ, दाब सुरू केल्याची वेळ आणि रुग्णाच्या रोजच्या गोळ्या सांगाव्यात. गोळ्यांची नावे आठवत नसतील, तर डबाच सोबत द्यावा.