ऑफर लेटर एकीचं, बिऱ्हाड तिघांचं

गेल्या महिन्यात पुण्याच्या जुन्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने विचारलं, "जर्मनीची ऑफर आलीये, पगार बरा आहे का ते सांग." मी तिला उलट विचारलं, "नवरा काय करणार आहे?" ती जरा गप्प झाली. चार वर्षांपूर्वी हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, म्हणून हे लिहायला घेतलंय.

मी मूळची साताऱ्याची. हिंजवडीत गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर आठ वर्षं काम केलं आणि २०२१ च्या ऑक्टोबरात श्टुटगार्टजवळ एस्लिंगनला आले. नवरा आणि पावणेतीन वर्षांची लेक मार्च २०२२ मध्ये आले. ऑफिसातलं काम तेच, मीटिंगा इंग्रजीत, टीममध्ये निम्मे लोक बाहेरचे. त्यामुळे नोकरीबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. प्रोबेशन सहा महिन्यांचं असतं, मीटिंगला दोन मिनिटं आधी जायचं, आणि साहेबाला तोंडावर "हे जमणार नाही" म्हटलेलं चालतं, किंबहुना तसंच म्हणावं लागतं. आपण "बघते, करते" म्हणतो, त्याचा अर्थ इथे 'होणार' असा घेतला जातो. मग आपणच अडकतो.

खरी कसोटी घराची. कंपनीने पहिले दोन महिने सर्व्हिस अपार्टमेंट दिलं, पण घरात राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पालिकेत जी नोंदणी करावी लागते, आनमेल्डुंग म्हणतात ती, तिच्यासाठी घरमालकाची सही असलेला कागद लागतो. तात्पुरत्या घरांचे मालक तो द्यायला पुष्कळदा कां कूं करतात. नोंदणी नाही तर टॅक्स नंबर नाही, आणि तो नाही तर पगारातून जास्तीत जास्त दराने कर कापला जातो. तेव्हा तात्पुरतं घर ठरवतानाच विचारा: इथे नोंदणी होईल का? आणखी एक म्हणजे पत्रपेटीवर आडनाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, आणि इथे टॅक्सपासून बँकेच्या पिनपर्यंत सगळं पत्रानेच येतं. माझं पहिलं बँक कार्ड असंच परत गेलं.

भाड्याचे दोन आकडे असतात: काल्ट म्हणजे नुसतं भाडं, वार्म म्हणजे त्यात हीटिंग, पाणी वगैरे धरून. डिपॉझिट काल्ट भाड्याच्या तिप्पटीहून जास्त मागता येत नाही आणि ते तीन हप्त्यांत द्यायची मुभा कायद्यानेच दिली आहे. हे मला सगळी रक्कम एकदम भरून झाल्यावर कळलं. घर ताब्यात घेतलं तेव्हा स्वयंपाकघरात चार भिंती आणि एक नळ होता. ओटा नाही, शेगडी नाही, सिंकसुद्धा नाही. जाणारा भाडेकरू ते उचलून नेतो किंवा तुम्हाला विकतो. आम्ही तीन आठवडे इंडक्शनच्या एका शेगडीवर खिचडी आणि पिठलं यांच्या आधाराने काढले.

आता माणसांकडे येते. नवऱ्याचा आणि लेकीचा व्हिसा मुंबईहून झाला. माझ्याकडे ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा इथे राहण्या-कामाचा परवाना; त्याच्या धारकाच्या जोडीदाराला जर्मन भाषेची परीक्षा लागत नाही, ही मोठी सवलत. पण आपल्या नावांचा घोळ होतो. आमच्या लग्नाच्या दाखल्यावर माझं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, आणि मधलं नाव एकीकडे वडिलांचं तर दुसरीकडे नवऱ्याचं. हे सगळं एकाच बाईचं नाव आहे हे समजावण्यात आमचे पाच आठवडे गेले. ऑफर यायच्या आधीच सगळे दाखले एकमेकांशी पडताळून घ्या.

पैशाच्या दोन गोष्टी घरच्यांमुळे बदलतात. जोडीदार इथे राहायला आला की टॅक्सचा वर्ग बदलून घ्यायचा. एकटाच कमावता असेल तर त्याला तिसरा वर्ग मिळतो आणि हातात येणारा पगार चांगलाच वाढतो. हे आपोआप होत नाही, अर्ज करावा लागतो. दुसरी गोष्ट आरोग्यविम्याची. एकट्या आलेल्या तरुण माणसाला खासगी विमा स्वस्त वाटतो, एजंटही गोड बोलतात. पण सरकारी योजनेत न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्याच हप्त्यात येतात. खासगीत प्रत्येक डोक्याचा हप्ता वेगळा. खासगीतून सरकारीत परतणंही सोपं नाही. आमच्यासारखं बिऱ्हाड येणार असेल तर फार विचार करायची गरजच नाही.

नवरा पुण्यात बँकेत होता. इथे आल्यावर पहिले सहा महिने त्याची नोकरी म्हणजे आमच्या लेकीची किटा, म्हणजे बालवाडी. इथे मूल एकदम सोडून यायचं नसतं. आधी पालकाने तासभर सोबत बसायचं, मग दहा मिनिटं बाहेर जायचं, मग अर्धा तास, असं काही आठवडे चालतं. नवरा रोज त्या गुडघ्याएवढ्या खुर्चीवर बसून ठोकळे रचायचा. लेकीचा पहिला जर्मन शब्द होता 'नॉखमाल', म्हणजे पुन्हा. नवऱ्याचाही तोच. घरी आल्यावर मी ऑफिसच्या गप्पा सांगायचे, तो म्हणायचा, "मी आज एका चार वर्षांच्या पोराकडून रंगांची नावं शिकलो." हसून म्हणायचा, पण जानेवारीत पाच वाजताच अंधार पडायला लागला तेव्हा ते हसणं कमी झालं. कधी कधी रात्री मी लॅपटॉप मिटेपर्यंत तो अंधारातच बसलेला असायचा. तुम्हाला ऑफिसात नाव असतं, खुर्ची असते. घरच्याला यातलं काहीच नसतं. हे मला उशिरा कळलं.

त्याला सावरलं ते भाषेच्या वर्गाने. सरकारी इंटिग्रेशन कोर्समध्ये ६०० तास भाषा आणि १०० तास देशाची ओळख असते. तिथे सीरियन शिंपी, युक्रेनियन दंतवैद्य आणि आमचा बँकवाला एका बाकावर. मराठी माणसाला जर्मन वाटते तेवढी परकी नाही. त्यांचे डेअर, डी, डास म्हणजे आपले तो, ती, ते. मुलगी मात्र त्यांच्याकडे 'डास', आपल्या 'ते लेकरू'सारखी. आकडेही आपल्यासारखेच उलटे: पंचेचाळीस म्हणताना आधी पाच, मग चाळीस. इंग्रज तिथे अडखळतो, आपण नाही. पण एका ठिकाणी आपलीच सवय दगा देते. 'हाल्ब आख्ट' म्हणजे शब्दशः 'अर्धे आठ'. आपण साडेआठ समजतो. ते असतं साडेसात. नवरा डॉक्टरकडे पाऊण तास आधी पोचलो अशा थाटात पावणेआठला गेला, आणि अपॉइंटमेंट गेलेली.

जमलं तर निघण्याआधीच पुण्यात मॅक्समुलर भवनात दोघांनीही जर्मनची ए१ ही पहिली पातळी करून या (पुढे ए२, बी१, बी२ अशा पायऱ्या चढत जातात). दोघांनीही, एकानेच नाही. ब्लू कार्डवर कायमचा परवाना ए१ असेल तर २७ महिन्यांत आणि बी१ असेल तर २१ महिन्यांत मिळू शकतो, हा हिशोब नंतर कामी येतो.

फिरण्याचं म्हणाल तर आमचं नशीब जोरावर होतं. २०२२ च्या जून ते ऑगस्टमध्ये सरकारने महिन्याला ९ युरोंचं तिकीट काढलं, लोकल गाड्या देशभर. दर शनिवारी डबा भरून निघायचो: पोळीचे रोल, शेंगदाण्याची चटणी, लेकीला दहीभात. उल्म, लिंडाऊ, टिटिझे. पुढे २०२३ च्या मे महिन्यात तसलंच कायमचं तिकीट ४९ युरोंना आलं, ते २०२५ मध्ये ५८ झालं. वेगवान गाड्यांना ते चालत नाही, पण लहान मूल बरोबर असेल तर धीम्या गाड्याच बऱ्या. गाडी तासभर उशिरा पोचली तर चौथा हिस्सा आणि दोन तासांहून जास्त झाला तर निम्मं भाडं परत मागता येतं; लांबच्या तिकिटांना हे लक्षात ठेवा, लोक मागतच नाहीत.

सीमेवरच्या केल गावाहून ट्रामने ऱ्हाइन नदी ओलांडून स्ट्रासबुर्गला गेलो तेव्हा लेक विचारत होती, "फ्रान्स कुठे सुरू होतो?" आम्हालाही दाखवता आला नाही. पण म्हणून कागद घरी ठेवू नका. २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने सगळ्या भू-सीमांवर तपासणी पुन्हा सुरू केली आहे. मुलाचंही राहण्याच्या परवान्याचं कार्ड आणि पासपोर्ट बरोबर हवा. आणि ऱ्हाइनचा धबधबा बघायला स्वित्झर्लंडमध्ये शिरलात की मोबाइल डेटा बंद करा. तो देश शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांत आहे, युरोपीय संघात नाही, त्यामुळे फुकट रोमिंग तिथे बहुतेक प्लॅनमध्ये नसतं. आमची ती एक दुपार धबधब्यापेक्षा बिलामुळे जास्त लक्षात आहे.

२०२३ च्या उन्हाळ्यात सासू-सासरे आले. व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो. सामानाबद्दल आधीच सांगून ठेवा: दूध-तुपाचं आणि मटणाचं काहीही चालत नाही. नारळ चालतो, आंबा आणि ताजा कढीपत्ता कागदपत्रांशिवाय चालत नाही. सासूबाईंनी तरी एक किलो कंदी पेढे साडीत गुंडाळून आणलेच. विमानतळावर ते काढून घेतले तेव्हा त्या अधिकाऱ्याला म्हणाल्या, "निदान एक खाऊन तरी बघा." त्याला मराठी कळलं नाही, आम्हाला भाषांतर करायचं धाडस झालं नाही.

त्यांच्यामुळेच आमची शेजारणीशी ओळख झाली. या भागात 'केअरवोखे' असते: आठवडाभर जिना आणि दारापुढचं अंगण झाडण्याची पाळी, दारावर पाटी लटकते. आम्ही वर्षभर ती कशीबशी उरकायचो. सासूबाईंनी पाटी बघितली, अर्थ विचारला आणि म्हणाल्या, "एवढंच ना? दे तो झाडू इकडं." सकाळी सहाला पदर खोचून तीनही मजले. वर्षभर फक्त मान हलवणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या आजी त्या दुपारी केक घेऊन आल्या.

लेक २०२५ च्या सप्टेंबरात पहिलीत गेली, मिठाईने भरलेला तिच्याएवढा कागदी शंकू मिरवत. तेव्हापासून एक दार मात्र बंद झालं. शाळा सक्तीची असते, मध्येच पंधरा दिवस काढून भारतात नेता येत नाही. इथली मोठी सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरचा मध्य, म्हणजे गणपती बहुतेक वर्षी साधतात. दिवाळी मात्र शरदातल्या आठवडाभराच्या सुट्टीत पडली तर नशीब, नाहीतर कंदील इथेच लावायचा. किटात असेपर्यंत हवं तेव्हा जाऊन घ्या.

नवऱ्याला बी२ व्हायला दोन वर्षं लागली. मालवाहतुकीच्या एका छोट्या कंपनीने हिशोबाच्या कामासाठी मुलाखतीला बोलावलं, वेळ 'हाल्ब नॉइन', म्हणजे 'अर्धे नऊ'. तो आठ वाजून दहा मिनिटांनी दारात उभा होता.