दगडाखालचा चिकटमासा कसा शोधावा

पुण्याहून मुलांकडे इंग्लंडला गेलेल्यांना कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर एखादा दिवस मिळाला, तर तो वाळूपेक्षा खडकांत घालवावा. तिथे दगडांच्या खालच्या अंगाला बोटाएवढा, जेमतेम 7 सेंटिमीटरचा, खवले नसलेला मासा चिकटून असतो. शास्त्रीय नाव लेपॅडोगॅस्टर पर्प्युरिया, इंग्रजीत क्लिंगफिश. मी आपला त्याला चिकटमासा म्हणतो.

अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस निवडावेत, कारण तेव्हा ओहोटी सर्वांत खोल जाते. इथवर आपले पंचांग तिथेही चालते. मात्र तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा हिशेब तिथे जुळत नाही, म्हणून स्थानिक तक्ता पाहून ओहोटीच्या तासभर आधी उतरावे आणि पाणी वळताच परतावे. शेवाळावर पाय टाकण्याचा सराव ताम्हिणी उतरून हरिहरेश्वरच्या खडकांवर आधीच केलेला बरा.

पहिल्या खेपेस मी डबक्यांत डोकावत बसलो आणि रिकाम्या हाताने परतलो. पाण्याच्या अगदी कडेचा, दोन हातांनी सहज उचलेल असा दगड निवडून तो हळूच कलता करावा आणि खालची बाजू न्याहाळावी. बदकाच्या चोचीसारखे चपटे तोंड आणि डोक्यामागे निळ्या ठिपक्यांची जोडी दिसली, की ओळख पटली.

माशाला ओढू नये. ओल्या बोटाचे टोक कडेने पोटाखाली सरकवले, की हवा शिरून पकड सुटते. मग समुद्राचे पाणी भरलेल्या पारदर्शक डब्यात तो मिनिटभर ठेवावा; घरून नेलेला आंबाबर्फीचा डबा चालतो, फक्त तो साबणाने धुतलेला नसावा. मासा डब्याला चिकटला, की खालून पाहावे: पोटाखालच्या परांची बनलेली चकती स्पष्ट दिसते. याच कुळातल्या उत्तर अमेरिकेच्या प्रशांत किनाऱ्यावरील एका जातीच्या चकतीने स्वतःच्या वजनाच्या 80 ते 230 पट ताण पेलल्याचे मोजले गेले आहे. तिच्या कडेवरचे अतिसूक्ष्म केस खडबडीत दगडाच्या खाचांत रुततात, त्यामुळे काठ आत घसरत नाही आणि चोषण टिकते.

मासा जिथला तिथे सोडून दगड होता तसाच, त्याच बाजूवर ठेवावा. उलटा राहिला तर वरचे शेवाळ अंधारात मरते आणि खालचे जीव उन्हात सुकतात. वसंत-उन्हाळ्यात दगडाला सोनेरी पिवळ्या अंड्यांचा थर आणि शेजारी राखणीला बसलेला मासा दिसला, तर डबा उघडूच नये. दगड तसाच अलगद खाली टेकवावा.