बॅटरी ठणठणीत, दोष अर्थिंगचा

गाडीच घर असली की ती गॅरेजला सोडून येता येत नाही, झोपायचं कुठे? त्यामुळे शक्य तेवढं मी स्वतःच शोधतो.

पाण्याचा पंप लागला की दिवे मंद व्हायचे, फ्रीज मध्येच बंद पडायचा. मेकॅनिकचं निदान तयार होतं: बॅटरी बदला. पण रात्रभर काही न चालवता सकाळी मोजलं तर 12.7 व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. पंप आणि फ्रीज चालू ठेवून पुन्हा मोजलं. बॅटरीवर 12.5, फ्रीजच्या वायरवर मात्र 10.9. मधले दीडेक व्होल्ट गेले कुठे? मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) लावलं: 1.3! हे दोन्ही अर्थिंगच्या वायरने जोडलेले असतात, त्यामुळे तिथे जवळजवळ शून्य हवं. चॅसीवरच्या अर्थिंगचा लग (वायरच्या टोकाची बोल्टखाली बसणारी धातूची कडी) गंजून पार हिरवा पडला होता.

आधी सोलर बंद केलं (हे मी एकदा विसरलो होतो), मग बॅटरीची निगेटिव्ह काढली. पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, नवा लग वायरवर दाबून बसवला (क्रिम्प केला), बोल्ट आवळला, वरून पेट्रोलियम जेली. आता फरक 0.05 व्होल्ट. बॅटरी तीच चालू आहे.