कीबोर्ड उघडला की ‘जतन करा’ बटण गायब? असं शोधा, असं दुरुस्त करा

दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षबागायतदार काकांचा फोन आला तेव्हा मी कॉलेज रोडवरच्या आमच्या दोन टेबलांच्या ऑफिसात डबा उघडत होतो. “तुमच्या ॲपात बटणच राहिलं नाही हो. फवारणी लिहिली, कारण डावणी म्हणून लिहिलं, आता जतन कुठून करू?” (डावणी हा द्राक्षांवरचा एक रोग.) मी माझ्या फोनवर पाहिलं, बटण जागच्या जागी. मग त्यांनी स्क्रीनचा फोटो पाठवला. बटण होतंच, पण कीबोर्डच्या मागे. कीबोर्ड खाली घालवला की बटण दिसतं हे मला माहीत होतं. काकांना ते माहीत असायचं काही कारण नव्हतं, आणि हातात ब्लोअरची नळी असताना ते शोधत बसायला वेळही नव्हता.

ती दुरुस्ती करायला मला तीन दिवस लागले. खरं तर अर्ध्या दिवसाचं काम होतं. उरलेले अडीच दिवस मी चुकीच्या जागी खणत होतो. तुमचे ते दिवस वाचावेत म्हणून पायऱ्या क्रमाने सांगतो. कोडमधली नावं आपण ऑफिसात उच्चारतो तशी देवनागरीत लिहिली आहेत. एडिटरमध्ये पहिली चार-पाच अक्षरं टाकलीत की पूर्ण नाव समोर येईल.

आधी बिघाड स्वतःच्या डोळ्यांनी पाहा

एम्युलेटरवर, म्हणजे संगणकात चालणाऱ्या नकली फोनवर, सगळं ठीक दिसतं याचं कारण बहुतेक वेळा फार साधं असतं: तिथे कीबोर्ड उघडतच नाही. संगणकाचा कीबोर्ड जोडलेला आहे असं समजून तो स्क्रीनवरचा कीबोर्ड दडवून ठेवतो. आयफोनच्या सिम्युलेटरमध्ये कमांड आणि के ही दोन बटणं एकत्र दाबली की कीबोर्ड वर येतो. ॲन्ड्रॉइडच्या एम्युलेटरमध्ये भाषा आणि इनपुटच्या सेटिंगमध्ये जाऊन, फिजिकल कीबोर्ड जोडलेला असला तरी स्क्रीनवरचा दाखवायचा पर्याय चालू करावा लागतो.

त्यानंतर ज्याची तक्रार आहे त्याला चार गोष्टी विचारा: फोन कोणता, ॲन्ड्रॉइडची आवृत्ती कोणती, कीबोर्ड कोणत्या भाषेत आहे आणि अक्षरांचा आकार मोठा केला आहे का. काकांच्या बाबतीत उत्तर आलं: नवा फोन, ॲन्ड्रॉइड १५, मराठी कीबोर्ड, अक्षरं मोठी. माझा फोन ॲन्ड्रॉइड १३ चा. म्हणजे शेतकऱ्याचा फोन नवा आणि ॲप बनवणाऱ्याचा जुना! मी उलटं गृहीत धरून बसलो होतो.

बिघाडाची जात ओळखा

लक्षणं वरवर सारखी दिसली तरी औषध वेगळं असतं. डावणीचं औषध भुरीला, म्हणजे द्राक्षांवरच्या दुसऱ्या रोगाला, चालत नाही, तसंच इथे. ज्या चौकटीत लिहितोय तीच झाकली जात असेल, तर स्क्रीन कीबोर्डची दखलच घेत नाहीये किंवा मजकूर स्क्रोल होत नाहीये. चौकट दिसते पण खालचं बटण झाकलं जातं, तेव्हा स्क्रीन नुसती वर सरकवली जाते आहे, लहान केली जात नाहीये. कीबोर्ड आणि मजकूर यांच्यामध्ये पांढरी रिकामी पट्टी दिसत असेल, तर दोन यंत्रणा एकच जागा दोनदा सोडताहेत. आणि कीबोर्ड गेल्यावरही खाली पोकळी उरत असेल, तर तुम्ही कीबोर्ड उघडल्याची खबर ऐकताय, बंद झाल्याची नाही.

एवढं ठरवल्याशिवाय कोडला हात लावू नका. मी लावला होता. फॉर्मच्या तळाशी सरळ २८० डीपीची (डीपी हे स्क्रीनवरची लांबी मोजायचं एकक) मोकळी जागा सोडली आणि नवी आवृत्ती पाठवून दिली. काकांचा लगेच निरोप आला: “बटण अर्धं दिसतंय.” मी २८० मोजले होते ते माझ्या इंग्रजी कीबोर्डवर.

कीबोर्डची उंची कोडमध्ये आकडा म्हणून कधीच लिहू नये. ती फोनगणिक, भाषेगणिक बदलते, आणि जीबोर्डमध्ये, म्हणजे गूगलच्या कीबोर्डमध्ये, तर वापरणारा ती सेटिंगमधून स्वतः कमी-जास्त करू शकतो. उंची फक्त सिस्टिमला विचारायची असते.

ॲन्ड्रॉइडमध्ये: सिस्टिमला कसं विचारायचं

मॅनिफेस्ट फाइलमध्ये (ॲपची माहिती सिस्टिमला देणारी फाइल) प्रत्येक ॲक्टिव्हिटीला, म्हणजे ॲपातल्या एकेका स्क्रीनला, ‘विंडो सॉफ्ट इनपुट मोड’ देता येतो. ‘ॲडजस्ट पॅन’ दिला तर अख्खी खिडकी वर ढकलली जाते. लिहायची चौकट दिसते, पण वरचं शीर्षक स्क्रीनबाहेर जातं आणि चौकटीखालचं सगळं कीबोर्डमागे अडकतं, तिथपर्यंत स्क्रोलही करता येत नाही. ‘ॲडजस्ट रिसाइझ’ दिला तर मजकुराची जागा आक्रसते आणि स्क्रोल चालू राहतो. काहीच दिलं नाही तर सिस्टिम स्वतः ठरवते, आणि स्क्रीनवर स्क्रोल होणारं काही आहे की नाही यावर तिचा निर्णय बदलतो. म्हणूनच एकाच ॲपातल्या दोन स्क्रीन दोन तऱ्हेने वागतात. फॉर्मसाठी मी नेहमी ‘ॲडजस्ट रिसाइझ’ स्पष्ट लिहितो.

आमच्या ॲपात ते लिहिलेलं होतं. दोन वर्षं बिनबोभाट चाललंही होतं. मग बिघडलं कशाने?

३१ ऑगस्ट २०२५ पासून प्ले स्टोअरवर नवं ॲप किंवा अपडेट टाकायचं तर ते किमान ॲन्ड्रॉइड १५, म्हणजे कोडच्या भाषेत एपीआय ३५, डोळ्यांसमोर ठेवून बांधलेलं असावं, असा नियम आला. आम्ही निमूटपणे तो आकडा ३४ चा ३५ केला आणि अपडेट पाठवलं. पण ३५ साठी बांधलेलं ॲप ॲन्ड्रॉइड १५ च्या फोनवर चाललं की त्याची स्क्रीन कडेपासून कडेपर्यंत पसरते, वरच्या आणि खालच्या पट्ट्यांच्याही मागे जाते. अशा स्क्रीनवर ‘ॲडजस्ट रिसाइझ’ एकटा काही आक्रसवत नाही. कीबोर्डने किती जागा व्यापली एवढं तो तुम्हाला कळवतो, ती जागा सोडायची जबाबदारी तुमची. तो काढून मात्र टाकू नका, कारण तो असला तरच ही खबर नीट मिळते.

ही खबर ‘विंडो इनसेट्स’ मधून येते. जुन्या पद्धतीच्या व्ह्यूमध्ये ‘व्ह्यू कॉम्पॅट’ चा ‘सेट ऑन ॲप्लाय विंडो इनसेट्स लिसनर’ लावा, त्यात ‘टाइप’ मधल्या ‘सिस्टिम बार्स’ आणि ‘आयएमई’ या दोन्ही जागा एकत्र मागा आणि जो आकडा येईल तो फॉर्मच्या बाहेरच्या डब्याला खालून पॅडिंग (आतली मोकळी जागा) म्हणून द्या. आयएमई म्हणजे कीबोर्डच.

इथे एक खड्डा आहे. कीबोर्डची उंची खिडकीच्या अगदी तळापासून मोजलेली असते, म्हणजे खालची नेव्हिगेशनची पट्टी तिच्यात आधीच धरलेली असते. दोन आकडे वेगवेगळे घेऊन बेरीज केली तर तीन बटणांची पट्टी असलेल्या फोनवर साधारण ४८ डीपीची रिकामी फट दिसते. बेरीज करायची नाही, दोन्हींतला मोठा आकडा घ्यायचा. दोन्ही प्रकार एकाच हाकेत मागितले की सिस्टिम तेच करते.

जेटपॅक कंपोझमध्ये, म्हणजे ॲन्ड्रॉइडची स्क्रीन रचायच्या नव्या पद्धतीत, काम सोपं आहे: ‘आयएमई पॅडिंग’ हा मॉडिफायर लावा. फक्त क्रम सांभाळा. आधी ‘आयएमई पॅडिंग’, मग ‘व्हर्टिकल स्क्रोल’. उलट लावलंत तर दिसणारी चौकट आक्रसत नाही, फक्त मजकुराच्या शेवटी पोकळी वाढते. बाहेर स्कॅफोल्ड, म्हणजे अख्ख्या स्क्रीनचा सांगाडा, असेल तर त्याने दिलेलं पॅडिंग लावून झाल्यावर ‘कन्झ्यूम विंडो इनसेट्स’ लिहा, नाहीतर तीच जागा दोनदा सुटते.

कडेपासून कडेपर्यंत पसरणं टाळायची एक पळवाट ३५ मध्ये आहे. ॲन्ड्रॉइड १६ साठी बांधलेल्या ॲपांना ती नाही, तेव्हा तिच्यात वेळ घालवू नका.

फ्लटर आणि रिॲक्ट नेटिव्ह

एकाच कोडमधून ॲन्ड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवायची ही दोन साधनं. फ्लटरमधली ती काळी-पिवळी पट्टेरी कड सगळ्यांनी पाहिली असेल. कॉलम स्क्रोल होत नाही, कीबोर्डमुळे जागा कमी पडते आणि मजकूर बाहेर सांडतो. यावर ‘रिसाइझ टु अव्हॉइड बॉटम इनसेट’ खोटा (फॉल्स) करा असा सल्ला सर्रास दिला जातो. तसं केलं की पट्टे जातात, आणि शेवटच्या दोन चौकटी कीबोर्डखाली गाडल्या जातात. त्यापेक्षा कॉलमला ‘सिंगल चाइल्ड स्क्रोल व्ह्यू’ मध्ये घाला आणि तो पर्याय आहे तसा खरा राहू द्या.

एक सूक्ष्म गोष्ट: स्कॅफोल्डच्या बॉडीत ‘मीडिया क्वेरी’ ला ‘व्ह्यू इनसेट्स’ विचारले तर खालचा आकडा शून्य येतो, कारण ती जागा स्कॅफोल्डने आधीच सोडलेली असते. मी एक अख्खी संध्याकाळ त्या शून्याकडे बघत घालवली आहे. तळातून वर येणाऱ्या शीटमध्ये मात्र जागा तुम्हालाच सोडावी लागते: ‘इज स्क्रोल कंट्रोल्ड’ खरं करा आणि शीटच्या स्वतःच्या कॉन्टेक्स्टमधून ‘व्ह्यू इनसेट्स’ घेऊन पॅडिंग द्या.

रिॲक्ट नेटिव्हमध्ये ‘कीबोर्ड अव्हॉइडिंग व्ह्यू’ ला आयफोनवर ‘पॅडिंग’ ही वागणूक द्या. वर हेडर असेल तर ‘कीबोर्ड व्हर्टिकल ऑफसेट’ मध्ये त्याची उंची टाका, नाहीतर बरोबर तेवढंच बटण झाकलेलं राहतं. ‘बटण दोनदा दाबावं लागतं’ अशी तक्रार आली तर ती बहुधा स्क्रोल व्ह्यूची असते: पहिला स्पर्श नुसता कीबोर्ड बंद करण्यात खर्च होतो. ‘कीबोर्ड शुड पर्सिस्ट टॅप्स’ ला ‘हँडल्ड’ करा, एका ओळीत काम भागतं.

आयफोन

आमच्या बागायतदारांत आयफोन कमी, त्यामुळे थोडक्यात. स्विफ्टयूआय, म्हणजे आयफोनची स्क्रीन रचायची नवी पद्धत, आयओएस १४ पासून स्वतःच कीबोर्डला वाट करून देतं. जुन्या पद्धतीच्या यूआयकिटमध्ये आयओएस १५ पासून ‘कीबोर्ड लेआउट गाइड’ आहे. बटणाचा तळ त्याच्या माथ्याला बांधा. कीबोर्ड नसताना तो गाइड आपोआप स्क्रीनच्या तळाशी, सुरक्षित जागेच्या कडेला जाऊन बसतो. आकड्यांच्या कीबोर्डवर रिटर्नचं बटण नसतं, म्हणून वर ‘झालं’ असं बटण असलेली पट्टी द्या, नाहीतर प्रमाण लिहून माणूस तिथेच अडकतो.

मराठी कीबोर्डच्या खोडी

आमचा फवारणीचा फॉर्म असा आहे: औषधाचं नाव, लिटरमागे किती मिली, एकूण पाणी, आणि कारण. मधल्या दोन चौकटींना आकड्यांचा कीबोर्ड, शेवटच्या चौकटीला मराठी. एकातून दुसऱ्यात जाताना कीबोर्ड बंद न होता त्याची उंची बदलते. ‘कीबोर्ड उघडला’ एवढीच खबर ऐकून पहिली उंची लक्षात ठेवणारा कोड इथे फसतो. आयफोनवर जुन्या पद्धतीने नोटिफिकेशन ऐकत असाल तर ‘कीबोर्ड विल चेंज फ्रेम’ ऐका, आणि त्यातली सुरुवातीची नव्हे, शेवटची चौकट घ्या. तरंगता कीबोर्ड वापरणाऱ्याच्या फोनवर उंची शून्य येते. तो बिघाड नाही, तिथे जागा सोडायचीच नसते.

दुसरी खोड इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहिणाऱ्यांची. शब्द पुरा होईपर्यंत तो अधोरेखित, कच्चा असतो. तुमचा कोड प्रत्येक अक्षरागणिक मजकूर छाटून किंवा सुधारून परत चौकटीत टाकत असेल, तर कच्चा शब्द तुटतो, कधी दोनदा उमटतो. छाटणी जतन करताना करा. (द्राक्षांची गोड छाटणी ऑक्टोबरात, खरड छाटणी एप्रिलमध्ये, मजकुराची छाटणी जतन करताना!)

तिसरं, जागा अपुरी पडते म्हणून चौकटींची उंची ठोकून ठेवू नका. मोठ्या अक्षरांत वेलांटी आणि रफार वरून कापले जातात, उकार खालून. ‘भुरी’ लिहिलेलं ‘भरी’ दिसतं. आणि कोणी मराठी आकड्यांत २५० लिहिलं, तर जावास्क्रिप्ट आणि डार्ट ते आकडा म्हणून वाचत नाहीत. आधी अंक बदलून घ्या.

पाठवण्यापूर्वी

घरातला सर्वात लहान स्क्रीनचा फोन घ्या. अक्षरं सर्वात मोठी करा, तीन बटणांची पट्टी चालू करा, मराठी कीबोर्ड लावा. शेवटच्या चौकटीत लिहून कीबोर्ड बंद न करता बटण दाबता येतंय का पाहा. मग फोन आडवा करा. ॲन्ड्रॉइडमध्ये आडव्या फोनवर कीबोर्ड कधी कधी अख्खी स्क्रीन घेतो आणि लिहायची चौकट स्वतःच दाखवतो. ते नको असेल तर चौकटीच्या आयएमई पर्यायांत ‘फ्लॅग नो एक्स्ट्रॅक्ट यूआय’ द्या. ॲन्ड्रॉइड १३ आणि १५ असे दोन्ही फोन हवेत. एकावर दुरुस्त झालेलं दुसऱ्यावर दुप्पट पोकळी देऊ शकतं.

दुरुस्त आवृत्ती घेऊन मी स्वतःच दिंडोरीला गेलो. काकांनी बागेत उभं राहून एका अंगठ्याने नोंद केली, जतन झाली. मग फोन माझ्यापुढे धरून म्हणाले, “हे ठीक झालं. आता उन्हात ही अक्षरं दिसत नाहीत, तेवढं बघा.”