खाणींनी काळवंडलेला किनारा सावरायला येताय? या चुका टाळा

इंग्लंडमधल्या डरहॅमच्या किनाऱ्यावर दर हंगामात उत्साही स्वयंसेवक येतात आणि त्याच त्या चुका करतात. ईझिंग्टन, हॉर्डन, डॉडन इथल्या कोळसा खाणींचा दगड आणि चुरा कित्येक दशकं सरळ किनाऱ्यावर ओतला जायचा. ईझिंग्टनची खाण १९९३ मध्ये बंद झाली. मग १९९७ ते २००२ या काळात ‘टर्निंग द टाइड’ प्रकल्पाने सुमारे १ कोटी पौंड खर्चून कड्यांवरचे ढिगारे हटवले, नांगरटीखालच्या जमिनी पुन्हा गवताळ केल्या. आता राहिलंय ते वर्षानुवर्षांचं काम. घाई करणाऱ्याच्या हातून ते बिघडतंच.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे सुपीक माती आणून पसरणं. एका कंपनीचा गट एका दिवसाच्या श्रमदानाला आला होता. जमीन किती भुकेली दिसते, असं म्हणत त्यांनी माझ्या विरोधाला न जुमानता खतमाती पसरली, वर बाजारातलं ‘रानफुलांचं’ मिश्र बी फेकलं. पहिल्या उन्हाळ्यात रंगीबेरंगी फोटो निघाले. पुढच्या हंगामांत कमरेएवढं रानगवत आणि अंगाला खाज आणणारी नेटल माजली, खालची रॉक-रोझ गुदमरली. नॉर्दर्न ब्राउन आर्गस या फुलपाखराच्या अळ्या याच झुडपाची पानं खातात. इथल्या मॅग्नेशियन चुनखडीवरच्या फुलांना निकृष्ट मातीच लागते; खत मिळालं की दांडगी गवतं त्यांना दाबून टाकतात. तो तुकडा अजून सुधारलेला नाही, आणि त्या गटातलं कुणी तो बघायला परत आलेलं नाही.

माझी पद्धत साधी आहे. उन्हाळा सरता सरता जवळच्या जुन्या माळावरचं, बी धरलेलं गवत कापायचं आणि त्याच दिवशी नव्या जागी पसरायचं. नंतर दरवर्षी कापणी, आणि कापलेलं सगळं दंताळ्याने ओढून बाहेर. हे कंटाळवाणं काम टाळून ‘कुजू दे तिथेच’ म्हणणाऱ्यांनी माती पुन्हा सुपीक करून ठेवली, हे मी वारंवार पाहिलंय.

गावकऱ्यांसमोर खाणीच्या चुऱ्याच्या त्या काळ्या थराला ‘घाण’ म्हणू नका. ईझिंग्टनच्या खाणीत १९५१ च्या स्फोटात ८३ माणसं गेली. तो चुरा ज्यांनी खणून काढला त्यांची मुलं-नातवंडं इथेच राहतात. नकाशा उघडण्याआधी त्यांच्या घरी चहाला बसा. खाणीतला दगड वाहून आणणारा पट्टा कुठे संपायचा, कुठला ओढा तांबडा वाहायचा, हे त्यांना ठाऊक असतं.

किनाऱ्यावर उरलेला चुरा फावड्याने उपसू नका, लाटा तो नेतायत. कड्याखाली बसू नका. भरतीची वेळ पाहिल्याशिवाय उतरू नका. आणि या किनाऱ्यावर लिटल टर्न पक्षी वाळूवरच अंडी घालतात, तेव्हा मे ते जुलैमध्ये त्यांच्या कुंपणाजवळ कुत्रा मोकळा सोडू नका.