बॉल मिलला दोष देण्याआधी लॅबची चाळणी विचारा

ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला जा नाहीतर कर्नाटकात हट्टीला, सोन्याच्या खाणीत नव्या मेटलर्जिस्टच्या गळ्यात एक काम हमखास पडतं: मिल (पोलादी गोळ्यांनी खनिज दळणारं फिरतं पिंप) नीट दळतेय का ते बघ. किती बारीक दळायला टनामागे किती ऊर्जा लागते हे सांगणारं बाँडचं सूत्र तुम्ही कॉलेजात घोकलेलं असणार, ते पुन्हा सांगत बसत नाही.

सर्व्हेबद्दल, म्हणजे चालू मिलची मोजमापं घेण्याबद्दल, थोडक्यात. फीड (मिलमध्ये जाणारा माल), पाणी आणि मिलची पॉवर स्थिर होऊन तास-दोन तास गेल्याशिवाय सॅम्पलला हात लावू नका. फीडचं सॅम्पल बेल्ट थांबवून, ठरावीक लांबीचा पट्टा पूर्ण उचलूनच घ्या. शिफ्टवाले कुरकुर करतील, करू देत. बेल्टवरचे टन ओले असतात, त्यातलं पाणी वजा करून कोरडे टन धरा. आणि पॉवर पिनियनपाशी (मिल फिरवणाऱ्या छोट्या दातेरी चाकापाशी) पोचलेली धरायची, मोटरने ओढलेली नाही.

आता खरी गोम. समजा एफ-८० (फीडचा ८० टक्के माल ज्या आकाराच्या चाळणीतून जातो तो आकार) आहे २००० मायक्रॉन, पी-८० (दळून निघालेल्या मालाचा तसाच आकार) आहे ७५ आणि पिनियनला टनामागे १५ किलोवॅट-तास लागतात. प्लांटचा वर्क इंडेक्स (बाँडच्या सूत्रातला, दळायला किती ऊर्जा लागते ते सांगणारा आकडा) येतो साधारण १६.१. लॅबच्या कागदावर त्याच खनिजाचा इंडेक्स १४. म्हणजे १४ भागिले १६.१, कार्यक्षमता ८७ टक्के. लगेच मिटिंग, लायनर (मिलचं आतलं अस्तर) बदला, गोळ्यांचा आकार बदला! माझ्याही पहिल्या रिपोर्टवर हेच रामायण झालं.

पण लॅबने चाचणी कोणत्या चाळणीवर बंद केली, म्हणजे माल कोणत्या चाळणीतून गेला की पुरेसा दळला असं धरलं, हे कुणी विचारलंच नव्हतं. नेहमीच्या सवयीने १५० मायक्रॉनची चाळणी लावली, की चाचणीतला पी-८० शंभराच्या वरच राहतो. आपण तर ७५ पर्यंत दळतोय. बरीच खनिजं जितकी बारीक दळाल तितकी जास्त चिवट होत जातात, त्यामुळे जाड दळणाचा इंडेक्स कमी दिसतो. तेच सॅम्पल १०६ च्या चाळणीवर दिलं आणि समजा १५.५ आलं, तर कार्यक्षमता होते ९६ टक्के. मिल तीच, दगड तोच. फरक फक्त चाळणीचा. म्हणून लॅबला सॅम्पल पाठवताना फॉर्मवर चाळणी स्वतः लिहा, आणि रिपोर्ट आला की आधी चाचणीचा पी-८० बघा, इंडेक्स नंतर. जुना रिपोर्ट असेल तर तो शॉर्ट टनात (२००० पौंडांच्या अमेरिकी टनात) तर नाही ना, हेही तपासा. तिथेही दहा टक्के गडप होतात.

घाबरू नका, दोन-तीन सर्व्हे झाले की हे अंगवळणी पडतं. सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरवर मात्र माझा फारसा विश्वास नाही. वाईट सॅम्पल टाकलंत तरी ते देखणा आलेख काढून देतं. ‘पाठवून दे, चालतंय’ म्हणणाऱ्या सीनियरपेक्षा कंट्रोल रूममधला जुना ऑपरेटर गाठा. सायक्लोनचा (दळलेल्या मालातले जाड-बारीक कण वेगळे करणाऱ्या यंत्राचा) दाब कधी आणि का उड्या मारतो, हे त्याला ठाऊक असतं.

एवढं करूनही ९६ टक्के बघून हुरळून जाऊ नका. हा आकडा दगडाचा आहे, सोन्याचा नाही. सोनं जड, त्यामुळे सुटे झालेले कण सायक्लोनच्या अंडरफ्लोमधून (खालून निघणाऱ्या जाड मालातून) पुन्हा पुन्हा मिलमध्ये येतात आणि चपटे होत फिरत राहतात. तेव्हा अंडरफ्लोचं सॅम्पल चाळून प्रत्येक भागातलं सोनं वेगळं तपासायला द्या. लॅबचं बिल वाढेल, साहेब विचारतील. तरी द्या.